अंगी लागलेलं पाणी

माझ्या हृदयाचा पंप ४० टक्क्यांवर चालतो. धडधाकट माणसाचाही साठच्या आसपासच असतो, म्हणजे मी काही नापास नव्हे. हृदयविकाराच्या न्यूयॉर्क वर्गवारीत तर मला चक्क सेकंड क्लास आहे. मॅट्रिकला तेवढाही नव्हता. दुखणं सौम्य, थकवा मात्र भरपूर. आंघोळ झाली की टॉवेलसकट पलंगावर बसून राहायचं.

गोळ्यांनी तरतरी येईना, तेव्हा कट्ट्याने माझं हृदय ताब्यात घेतलं. कोणी अर्जुनसाल सुचवली, कोणी अश्वगंधा. सूनबाईने अर्जुनारिष्ट आणलं. त्यात गूळ, द्राक्षं आणि मोहाची फुलं आंबवलेली असतात हे बाटलीवरच लिहिलेलं होतं, पण चष्मा कोण शोधणार? डॉक्टरांनी बंद केलेली गोष्ट मी दोन्ही जेवणांनंतर, समभाग पाणी घालून, सुनेच्या हातून घेत होतो. भाच्याने जर्मनीहून हॉथॉर्नच्या गोळ्या पाठवल्या. मावशीने ज्येष्ठमधाचा काढा सुरू केला. तो गोड लागायचा, म्हणून मी कपाऐवजी पेला घेई.

आणि गुण आला! वजनकाटा अडीच किलो वर सरकला. जन्मभर हडकुळा म्हणून हिणवला गेलेला मी काट्यावरून उतरेना. मावशी म्हणाली, "अंगी लागलं हो!" चपला घट्ट झाल्या, तर चांभाराला नावं ठेवली. रात्री एका उशीवर दम लागू लागला. दुसरी घेतली आणि ऐषआराम समजलो. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करा, अशी डॉक्टरांची सूचना फ्रिजवर चिकटवलेली होती. तिच्यावर दुधाचं बिल होतं.

तपासणीला मी वाढलेलं वजन पेढ्यांच्या थाटात जाहीर केलं. डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो पडलाच. "काका, हे मांस नाही, पाणी आहे." ज्येष्ठमध शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं. म्हणजे पाणी काढायची गोळी सकाळी आणि पाणी भरायचा काढा संध्याकाळी, असा माझा संसार चालला होता.

"पण झाडपाल्याने काय होतंय?" मी म्हणालो. बाईंनी पेन खाली ठेवलं. हृदयाची डिजॉक्सिनची गोळी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या जातीतूनच आली. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीच्या काढ्यात वीसेक पाले होते. डॉक्टर विल्यम विदरिंगने त्यातला कामाचा एक हेरला, मात्रा ठरवण्यात वर्षं घालवली आणि १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. "तुमच्या पिशवीतही तेवढे पाले आहेत, काका. विदरिंग कुठाय?" भाच्याच्या हॉथॉर्नची परीक्षा २,६८१ रुग्णांवर झाली होती, २००८ मध्ये निकाल लागला, हृदयाच्या मोठ्या दुखण्यांत लक्षणीय फरक नाही. भाच्याला कळवलं नाही. पोस्टेज त्याने भरलं होतं.

मग त्यांनी माझ्या कट्ट्यावर कोणालाच न सुचलेलं काम केलं: रक्त तपासलं. फेरिटिन शंभराच्या बरंच खाली. या दुखण्यात लोह असं कमी पडतं आणि माणूस गळून जातो. तोंडाने घेतलेलं लोह इथे फारसं लागू पडत नाही, शिरेतून द्यावं लागतं. सलाईनच्या खुर्चीत तासभर बसून आलो.

लोह कमी आहे ही बातमी माझ्याआधी कट्ट्यावर पोचली होती. दारात बिटाची पिशवी होती. सोबत चिठ्ठी: रस काढून, अनशापोटी.