मागाहूनची सारवासारव

छापून झालेल्या कथेतला तपशील पुढच्या भागात बदलायचा आणि ‘हे पहिल्यापासून असेच होते’ असे निर्विकार चेहऱ्याने सांगायचे, ही कथालेखनातली सारवासारव. तिच्यामागे कधी लेखकाचा विसराळूपणा असतो. बहुतेकदा मानधन असते.

विसराळूपणाचा मान आर्थर कॉनन डॉइलचा. शेरलॉक होम्सचा सोबती डॉ. वॉटसन मुंबईला उतरून अफगाण मोहिमेवर गेला आणि मैवंदच्या लढाईत त्याच्या खांद्यात गोळी घुसली, असे 1887च्या कादंबरीत आहे. 1890च्या कादंबरीपर्यंत हे दुखणे पायात उतरले. पुढे एका कथेत गोळी हातापायांपैकी कुठेतरी असल्याचे मोघम सांगून डॉइलने विषय मिटवला. डॉक्टर असून त्याला हे जमले, हे विशेष.

मानधनाचे उदाहरणही त्याचेच. 1893मध्ये त्याने होम्सला त्याच्या कट्टर शत्रूसकट, मोरिआर्टीसकट, स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात लोटले. प्रेत सापडल्याचे मात्र लिहिले नाही. ही दूरदृष्टी 1903मध्ये, एका अमेरिकन साप्ताहिकाने भरघोस रक्कम देऊ केल्यावर, उपयोगी पडली. पडला तो एकटा मोरिआर्टी. होम्स मधल्या काळात तिबेट फिरून आला होता! वाचकांनी तिबेट बिनतक्रार गिळला, कारण त्यांना होम्स हवा होता.

सारवासारवीची खरी परीक्षा वेगळीच आहे: खोटेपणा कोणाच्या माथी मारला? इथे जे. आर. आर. टॉल्किनच्या जवळपास कोणी येत नाही. 1937च्या ‘द हॉबिट’मध्ये कोड्यांची पैज हरलेला गुहेतला प्राणी गोलम सज्जनासारखा कथानायक बिल्बोला अंगठी बक्षीस द्यायला निघतो. पुढच्या महाकादंबरीत हीच अंगठी माणसाला नासवणारी ठरली. असली वस्तू कोण बक्षीस देईल? टॉल्किनने 1951च्या आवृत्तीत प्रकरण बदलले. आता बक्षिसाची बातच नाही; अंगठी बिल्बोच्या खिशात आहे हे कळल्यावर गोलम ‘चोर, चोर’ म्हणून आक्रोश करतो. पण जुन्या प्रती घरोघरी होत्याच. त्यांचे काय? तर ती बिल्बोने सोबत्यांना मारलेली थाप होती. एरवी सरळ असलेला गृहस्थ खोटे का बोलला? अंगठीच्या प्रभावामुळे! लेखकाची अडचण अंगठीविरुद्धचा पुरावा बनली.

याउलट ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका. 1985मध्ये नटाने काम सोडले म्हणून बॉबी यूइंगला मोटारीखाली मारण्यात आले. प्रेक्षक घटले, नटाला परत बोलावले आणि 1986मध्ये बॉबी न्हाणीघरात शॉवरखाली ठणठणीत उभा दिसला. मधला अख्खा हंगाम त्याच्या घटस्फोटित बायकोला पडलेले स्वप्न होते, असा खुलासा झाला. म्हणजे वर्षभर टीव्हीसमोर बसून डोळे पुसणारा प्रेक्षकच वेडा ठरला. शिवाय या मालिकेची एक धाकटी पाती होती, ‘नॉट्स लँडिंग’. तिच्यात बॉबीचा भाऊ गॅरी राहत होता आणि त्याने भावाचे सुतक रीतसर पाळले होते. त्या लेखकांनी भावजयीचे स्वप्न मनावर घेतले नाही. त्यांच्याकडे बॉबी मेला तो मेलाच.