नाव नाही यादीत

मतदानाच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर, पक्षांच्या टेबलांपाशी घटकाभर उभं राहावं. माणसांचे फार मजेशीर नमुने दिसतात. त्यातला माझा सर्वांत लाडका नमुना म्हणजे यादीत नाव न सापडलेले गृहस्थ. ‘सगळे सारखेच, माझ्या एका मतानं काय होणार?’ हे ते पाच वर्षं सांगत आलेले असतात. नाव सापडलं असतं, तर रांग बघून परतलेही असते. पण नाव नाही म्हटल्यावर त्याच मताला एकदम कोहिनूरचं मोल येतं. ‘चाळीस वर्षं मतदान करतोय मी!’ (त्यातली किती वर्षं केलं, हे त्यांची बायको सांगू शकेल, पण ती स्वतःचं नाव शोधत असते.) यादीत त्यांचे वडील मात्र सापडतात. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लोकशाहीत ते ठणठणीत असतात.

नाव आहे, पण त्यावर दुसराच कुणी मत देऊन गेलाय, असंही होतं. नियमात त्याचीही सोय आहे: प्रदत्त मत. ओळख पटली की तुम्हाला छापील मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात जाते आणि कोर्टानं सांगितल्याशिवाय सहसा कुणी मोजत नाही. रुसलेल्या नागरिकाची समजूत काढण्याची इतकी सभ्य तऱ्हा माझ्या तरी पाहण्यात नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, नावाचा घोळ याहून मोठा होता. यादी करायला आलेल्या माणसाला असंख्य बायकांनी सांगितलं, ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले: बाईचं स्वतःचं नाव हवं. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या, बहुतेक उत्तरेकडच्या. आपल्याकडे अडचण निराळी. बाई स्वतःचं नाव सांगेल, पण ‘पतीचं नाव?’ विचारलं की उखाणा आलाच. सगळे उखाणे ऐकत बसले असते, तर पहिली लोकसभा भरायला १९६० उजाडलं असतं. सेन यांचा हट्ट कडक होता, आणि त्याचा फटका बसला तो बायकांनाच. तरी घरात जे नाव कुणी घेत नव्हतं ते विचारायला सरकार दारात आलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता नाव आहे, कार्ड आहे, आणि आपण लोणावळ्याला. २०२४ साली मुंबईचं मतदान २० मे रोजी, सोमवारी आलं. शनिवार, रविवार आणि वर हा सोमवार! निम्म्यांहून थोडी जास्त मुंबई मतदानाला गेली. गडचिरोली-चिमूरला मात्र जवळजवळ ७२ टक्के मतदान झालं. तिथं लोणावळा नाही, हे एक कारण असू शकेल.

पुढे निकाल लागला. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये पहिल्या दोघांना प्रत्येकी साडेचार लाखांवर मतं, आणि रवींद्र वायकर निवडून आले ते ४८ मतांनी. अठ्ठेचाळीस म्हणजे एखाद्या सोसायटीची अ विंग. अशा कुठल्याही अ विंगेत तेव्हापासून दोन तट असणार. एक म्हणतो, आपण थांबलो असतो तर निकाल फिरला असता. दुसरा म्हणतो, छे, फरक शहाण्णव झाला असता. मत दोघांनीही दिलेलं नाही, त्यामुळे वाद मिटायचं काही कारण नाही.