क्रीडा विभागाचा चार्ज: नवख्या गुरुजींसाठी प्राथमिक सूचना

अभिनंदन. शिक्षकांच्या बैठकीला तुम्ही दहा मिनिटं उशिरा पोचलात आणि तेवढ्यात क्रीडा विभागाचा चार्ज तुमच्या नावावर लागला. तुम्ही गणित शिकवता आणि शाळेत असताना लंगडीतसुद्धा पहिल्या फेरीत बाद व्हायचात, हे मुख्याध्यापकांना सांगून उपयोग नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तरच आरोग्य आणि शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक मिळतो. तुमच्या जिल्हा परिषद शाळेचा पट, पहिली ते सातवी धरून, त्रेचाळीस. तेव्हा शिट्टी तुमच्याच गळ्यात. ती पोषण आहाराच्या रजिस्टरामागे सापडेल. वाजवण्याआधी आतला तांदूळ काढा.

पुढच्या सूचना तालुकास्तरीय शालेय स्पर्धेला पहिल्यांदाच संघ घेऊन जाणाऱ्यांसाठी आहेत. अनुभवी मंडळींनी वाचल्या तरी हरकत नाही, पण वर्गात मोठ्यांदा हसू नये.

समोर कोण उभं आहे ते बघा

‘सरकारी विरुद्ध खाजगी’ असं बोलताना जरा जपून. आपल्याकडे माध्यमिक शाळा बहुतेक संस्थांच्याच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काढलेली रयत शिक्षण संस्थाही कागदावर खाजगीच, पण तिला कुणी ‘प्रायव्हेट’ म्हणून बघा! अनुदानित शाळेतले सर तुमच्यासारखेच असतात. एका हातात संघ, दुसऱ्या हातात मतदार यादीचं काम. त्यांच्याशी मैत्री ठेवा, त्यांच्याकडे दोरी आणि फक्की असते.

तुमची खरी गाठ पडणार आहे ती हायवेलगतच्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेशी, जिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे आणि जिच्या बसवर फोन नंबर शाळेच्या नावापेक्षा मोठा आहे. तिचा संघ मैदानात येतो तेव्हा आधी ट्रॅकसूट दिसतो, मग मुलं. सोबत तीन सर असतात: एक धावण्याचे, एक उड्यांचे आणि एक फोटोंचे.

नोंदणी

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची नोंदणी ऑनलाइन असते. शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला, टाकीवर चढून, रेंज मिळाली की भरा. शुल्क स्वतःच्या खिशातून भरा आणि घरी सांगू नका.

शाळेचा पट विचारतात, पण त्यावरून कुणाची कुणाशी गाठ पडेल हे ठरत नाही. त्रेचाळीस पटाची शाळा आणि तीन हजार पटाची शाळा एकाच फक्कीच्या रेषेवर उभी राहते. गट पडतात ते वयाचे: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील.

अमेरिकेत सरकारी-खाजगीच्या याच भांडणावर गणित काढलंय. तुम्ही गणिताचे, म्हणून सांगतो. इलिनॉय राज्यात हायस्कुलांचे गट विद्यार्थिसंख्येवर पडतात. ठरावीक हद्दीबाहेरची मुलं घेता येतात अशा शाळांचा, म्हणजे मुख्यतः खाजगी शाळांचा, पट २००५ पासून १.६५ ने गुणून धरायला लागले, म्हणजे सहाशेची शाळा स्पर्धेपुरती नऊशे नव्वदची होते आणि मोठ्यांत जाऊन खेळते. पटाची पट! आपल्याकडे असा ठराव कुणी मांडला, तर आधी गुणाकाराचं काम कुणाला द्यायचं यावर बैठक होईल, आणि तुम्ही पुन्हा दहा मिनिटं उशिरा पोचाल.

वयाचा दाखला

तुमच्या जनरल रजिस्टरात नजर फिरवा. निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा. आईबाप ऊसतोडीला, तारीख कुणालाच सांगता येईना, शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा त्या वेळच्या गुरुजींनी दयाळूपणे सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातलं. आता जन्मदाखल्यांमुळे हे कमी झालंय, पण गेलेलं नाही. चौदा वर्षांखालच्या गटात ही दया महागात पडते. खरा बारा वर्षांचा पोरगा तेराचा म्हणून उभा राहतो, आणि शेजारी ज्याला मिसरूड फुटलंय तोही तेराचाच, त्याच्याकडे लॅमिनेट केलेला दाखला आहे. हरकत घ्यायची तर लेखी अर्ज लागतो आणि बरोबर शुल्क. खिसा चाचपून पाहा. मग ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ असं म्हणत पुढे चला.

साहित्य

रिलेचा बॅटन: पाण्याचा पाइप, एक फूट, कडा घासून. लांब उडीचा खड्डा: गावात कुणाचं बांधकाम चालू आहे ते बघा, वाळू संध्याकाळी मागा, मालक खूश असतो तेव्हा. गोळा: नाही. तुमच्या वजनमापाच्या पेटीतलं पाच किलोचं माप चालत नाही, मी विचारून पाहिलंय.

बूट हा स्वतंत्र विषय आहे. शाळेच्या लोखंडी पेटीत कॅनव्हासच्या बुटांचे तीन जोड आहेत. कुणी तरी कधी तरी दान दिलेले, नंबर सहा, सात आणि सात. तुमच्या सर्वांत वेगवान मुलीचा पाय चारचा. मागच्या वर्षीच्या ‘स्वाध्याय’ पुस्तिकेची पानं मुठीत चुरगळून पुढे कोंबा, लेस दोनदा पायाभोवती फिरवून घोट्यामागे बांधा आणि तिला दोन उड्या मारायला सांगा. बूट निघाला तर अजून एक पान. ती म्हणेल, ‘सर, मी अनवाणीच पळते, बुटात पाय जड होतो.’ ते खरं आहे, पण मैदानावर खडी आहे.

अनवाणी धावण्याची गोष्ट निघाली की भाषणात सगळेजण सावरपाड्याच्या कविता राऊतचं नाव घेतात. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचं नाव घेतात, ज्याला शाळेसाठी सहा किलोमीटर कापावे लागत. उद्घाटनाला आलेले पाहुणे ही नावं अशा थाटात घेतात की वाटावं, शाळा सहा किलोमीटर लांब ठेवणं ही एखादी क्रीडा योजनाच आहे.

खेळ कोणता निवडावा

पोहणं, तलवारबाजी, स्केटिंग, नेमबाजी यांच्या वाटेला जाऊ नका. नियमात तुम्हाला कुणी अडवलेलं नाही, फक्त तलाव अडवतो. या खेळांत तालुक्यात फारसं कुणी उतरतच नाही, त्यामुळे खेळाडू थेट जिल्ह्याला जातो, आणि चार स्पर्धकांत पहिल्या तिघांचे फोटो फ्लेक्सवर येतात. सर्वसाधारण विजेतेपदाच्या ढालीत त्या पदकाचं वजन तुमच्या शंभर मीटरच्या पदकाएवढंच, जिथे तालुकाभरातली पोरं तीन प्राथमिक फेऱ्या पळून आलेली असतात.

कबड्डी घ्यावी असं मनात येईल. आपला मातीतला खेळ! पण तो आता मातीत राहिलेला नाही. वरच्या स्तरावरचे सामने मॅटवर होतात, आणि मॅट ही काय चीज आहे हे तुमच्या पोरांना तिथे गेल्यावर कळतं. मातीत चढाईला गेलेला पोरगा घसरत जाऊन बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो. मॅटवर तोच पाय चिकटतो आणि वरचं शरीर पुढे जातं. अनवाणी खेळला तर अंगठ्याची साल निघते, बूट घातले तर पोराला आपले पाय परके वाटतात. हायवेवरच्या शाळेच्या हॉलमध्ये मॅट वर्षभर अंथरलेली असते. आमच्या वेळी एका सामन्यात आमचा हुकमी चढाईपटू पहिल्याच चढाईत गुडघ्यावर बसला आणि पंचांकडे बघून म्हणाला, ‘सर, हे खाली काय हाय?’ पंच हसले. मीही हसलो, आणि मग बराच वेळ त्याच्याकडे बघवलं नाही.

राहिला खो-खो. तो घ्या. दोन खांब, एक मैदान, नऊ पोरं. धाराशिवच्या मुलींनी या खेळात राज्याला दमवलं आहे. तिथल्याच सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. पैशाने विकत घेता येईल असं खो-खोत अजून थोडंच आहे. पण मॅट इथेही आलीच आहे, तेव्हा घाई करा.

प्रवास आणि जेवण

टेम्पो सकाळी साडेपाचला सांगा, म्हणजे साडेसहाला येईल. मुलांना उभं राहून गाणी म्हणू द्या, पण पोचेपर्यंत घसे बसणार नाहीत इतकीच. जेवण: घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. शेजारच्या शामियान्यात केळी, ग्लुकोजची पाकिटं आणि डब्यातली उकडलेली अंडी असतील. मुलांना तिकडे पाठ करून बसवा. त्यातला एखादा ट्रॅकसूटवाला पोरगा तुमच्याकडे येऊन भाकरी मागेल आणि दोन अंडी देऊन जाईल, ही शक्यता धरा. पोरं आपापसात हा प्रश्न आपल्यापेक्षा लवकर सोडवतात.

तक्रार करावी का

करू नका, असं मी म्हणणार नाही. फक्त कशाची करायची ते आधी ठरवा. शिट्टी सगळ्यांना एकदमच वाजते, फीत कुणाची आखूड नसते. पंच बहुधा प्रामाणिक असतात आणि त्यांनाही मानधन उशिरा मिळतं. दोनशे मीटरवर कुणी अन्याय करत नाही. जे व्हायचं ते आधीच्या दोनशे दिवसांत होऊन गेलेलं असतं.

‘मग आपल्या आपल्यात खेळू’ असा एक मार्ग आहे, आणि तो आहेच: अनेक जिल्ह्यांत जिल्हा परिषद शाळांच्या स्वतःच्या स्पर्धा होतात. केंद्र, बीट, तालुका, जिल्हा. मजा येते. पण जिल्ह्याच्या बक्षीस समारंभात ती वाट संपते. विभागाचा, राज्याचा आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेचा रस्ता दुसऱ्या मैदानावरून जातो, जिथे बसवरचा फोन नंबर मोठा आहे.

सर्वांत महत्त्वाची सूचना

तुमची ती चार नंबरच्या पायाची मुलगी जिंकेल. दोनशे मीटर, तालुक्यात पहिली. तुम्ही तिच्या पाठीवरचा क्रमांक सोडवत असाल, सेफ्टी पिन तोंडात धरलेली असेल, तेव्हा मागून एक आवाज येईल: ‘सर, मुलगी कुठली आपली?’ हे धावण्याचे सर. अत्यंत सभ्य गृहस्थ. ते नाव लिहून घेतील, गाव विचारतील, आणि पुढच्या रविवारी मोटारसायकलवर तिच्या वस्तीवर जातील. फी माफ, वसतिगृह, रोज दूध, अंडी, स्पाइक्स.

अमेरिकेतल्या टेनेसीत एका खाजगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीतल्या मुलांना सरावाला या म्हणून पत्र लिहिलं आणि खाली सही केली, ‘तुमचा कोच’. मुलांचा प्रवेश ठरला होता, पण शाळा सुरू व्हायची होती. तेवढ्यावरून क्रीडा संघटनेने दंड केला, शाळा कोर्टात गेली आणि ब्रेंटवुड अॅकॅडमीचा हा खटला २००१ आणि २००७ असा दोनदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. दुसऱ्या वेळी संघटना जिंकली. आपल्याकडे पत्र लिहावंच लागत नाही. चहा होतो.

तुम्हाला राग येईल. येऊ द्या, पण थोडा विचारही करा. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेतून दादरच्या शारदाश्रमात गेला तो रमाकांत आचरेकरांच्या सांगण्यावरून, क्रिकेटसाठीच. काका-काकूंकडे शिवाजी पार्कजवळ राहिला. १९८८ च्या हॅरिस शिल्डमध्ये कांबळीबरोबर ६६४ ची नाबाद भागीदारी झाली ती त्या शाळेच्या नावावर. ही गोष्ट आपण पोरांना कौतुकाने सांगतो. जुन्या शाळेतल्या खेळाच्या सरांना कसं वाटलं असेल, असं आजवर कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

मुलगी गेली पाहिजे, यात मला शंका नाही. तिथे दूध आहे. माझी तक्रार इतकीच आहे की पुढच्या वर्षी ती जिंकेल तेव्हा ढालीवर त्यांचं नाव कोरलं जाईल, आणि तुमच्या केंद्रप्रमुखांच्या अहवालात ‘क्रीडा क्षेत्रात शाळेची कामगिरी: निरंक’ असं येईल. तिला पळायला कुणी शिकवलं, हे विचारणारा रकाना त्या अहवालात नाही.

आता तिचा बाप दाखला न्यायला येईल. शाळा सोडल्याच्या दाखल्यात ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’ लिहा. वर्तणूक: चांगली. प्रगती: समाधानकारक. शिक्का ओला असताना घडी घालू देऊ नका. ती दाराबाहेर उभी असेल, हातात कॅनव्हासचे बूट, धुतलेले. ते परत घ्या, पेटीत ठेवा, नोंद करा. आतली ‘स्वाध्याय’ची पानं काढू नका. पाचवीतल्या एकीचा पाय तर तीनचाच आहे.