मैदानाला तिकीट, किनाऱ्याला जमावबंदी

तासाला माणशी १२० रुपये. ऑक्टोबर २०२४च्या अखेरीस चेन्नई महापालिकेने आपल्याच मालकीच्या फुटबॉल मैदानांसाठी हा दर ठरवला होता. कृत्रिम गवताची नऊ मैदानं ठेकेदारांकडे द्यायची, खेळणाऱ्यांकडून ताशी पैसे घ्यायचे आणि उत्पन्नातला वाटा पालिकेच्या तिजोरीत जमा करायचा, असा ठराव सभागृहात मंजूरही झाला. व्यासरपाडीतला एखादा मुलगा महिन्याचे पंचवीस दिवस रोज तासभर खेळला, तर त्याच्या घरावर तीन हजार रुपयांचा बोजा. तिथल्या कित्येक घरांचं महिन्याचं भाडंही याच्याच आसपास घुटमळतं.

व्यासरपाडी म्हणजे उत्तर चेन्नई. रेल्वेचे रूळ, दाटीवाटीच्या कष्टकरी वस्त्या, आणि या सगळ्यात फुटबॉलचं असं वेड की लोक त्या भागाला ‘मिनी ब्राझील’ म्हणतात. ही कीर्ती कुठल्या क्रीडा धोरणाने मिळवून दिलेली नाही. ती अनवाणी पोरांनी आणि त्यांना फुकट शिकवणाऱ्या थोरल्या पोरांनी मिळवली. मैदान नव्हतं तेव्हाही ते खेळले. मैदान झालं, त्यावर हिरवं गवत अंथरलं गेलं आणि लगेच दारात गल्ला मांडायची घाई सुरू झाली.

तो गल्ला मांडला गेला नाही. खेळाडू ओरडले, डाव्या पक्षांचे आणि विरोधी बाकांवरचे नगरसेवक ओरडले, सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्षही गप्प बसले नाहीत. आठवडा उलटायच्या आत पालिकेने ठराव मागे घेतला. महापौर आर. प्रिया याच उत्तर चेन्नईतून निवडून आलेल्या आहेत. मार्च २०२२मध्ये पदावर बसल्या तेव्हा त्या अवघ्या २८ वर्षांच्या होत्या, आणि शहराच्या पहिल्या दलित महिला महापौर. त्यांच्याच कारकिर्दीत हा ठराव यावा याचा मला राग आहे. तो त्यांच्याच कारकिर्दीत मागे गेला, हेही नोंदवलंच पाहिजे.

शहरी तरुण सार्वजनिक जागा कशा बदलत आहेत, यावर हल्ली पुष्कळ परिसंवाद होतात. पडद्यावर चित्रं दाखवली जातात: रुंद पदपथ, रंगीत बाकडी, बांबूच्या छत्र्या, सायकलवरून जाणारी हसरी मुलगी. जागा दिसते कशी, यावर तासभर चर्चा होते. जागेत बसायचं कोणी, किती वेळ, काही विकत न घेता बसता येईल का आणि दहाजण एकत्र बसले तर पोलीस येतील का, हे प्रश्न शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जातात. चेन्नईच्या तरुणांनी गेल्या दहाएक वर्षांत नेमके हेच प्रश्न पुढे ओढून आणले. त्यासाठी त्यांनी मारही खाल्ला.

मरीना किनारा घ्या. या किनाऱ्याला ‘मरीना’ हे नाव १८८०च्या दशकात गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी दिलं, फिरायचा रस्ताही त्यांनीच करवला. आपल्याला हे आडनाव परकं वाटायचं कारण नाही. साताऱ्याचे रेसिडेंट आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखक जेम्स ग्रँट डफ यांचे हे चिरंजीव. साहेबाने किनारा हवा खाण्यासाठी केला. मद्रासी माणसाने थोड्याच वर्षांत तिथे सभा भरवल्या, आणि वाळूतल्या सभेच्या जागेला थेट लोकमान्यांचं नाव दिलं. तिलक घाट. एका साताऱ्याच्या रेसिडेंटाच्या मुलाने आखलेल्या किनाऱ्यावर टिळकांच्या नावाने स्वराज्याची भाषणं झाली. किनारा खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाला तो त्या दिवसांत.

त्याच वाळूवर १७ जानेवारी २०१७ला तरुण जमले. कारण जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरच्या बंदीचं. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४च्या ज्या निकालाने जल्लीकट्टू बंद झालं, त्याच निकालाने आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीही थांबल्या होत्या. पुढे २०२३मध्ये घटनापीठाने दोन्ही राज्यांचे सुधारित कायदे ग्राह्य धरले. बैलाला पळवण्याच्या बाजूने मी कधीच नव्हतो आणि आजही नाही. पण त्या आठवड्यात मरीनावर जे घडलं ते बैलापुरतं नव्हतं. लाखो तरुण आले. राजकीय पुढाऱ्यांना त्यांनी व्यासपीठ दिलं नाही. दिवे गेले तेव्हा मोबाइलचे दिवे लावले. स्वतः वाहतूक सांभाळली, कचरा उचलला, डबे वाटून खाल्ले. मुली रात्र रात्र किनाऱ्यावर राहिल्या आणि निर्धास्त राहिल्या. कुठल्या वास्तुविशारदाने आखलेली ही जागा नव्हती. तिथे बाकडी नव्हती, सूचनाफलक नव्हते, प्रायोजक तर नव्हतेच. माणसं होती, आणि त्यांनी एकमेकांची जबाबदारी घेतली होती.

२१ तारखेला जल्लीकट्टूला परवानगी देणारा वटहुकूम निघाला. २३ तारखेला विधानसभेत विधेयक मंजूर झालं, आणि त्याच दिवशी सकाळपासून पोलिसांनी किनारा लाठीने रिकामा केला. पळणाऱ्या पोरांना शेजारच्या कोळीवस्त्यांनी आसरा दिला. नडुकुप्पमचा मासळीबाजार त्या दिवशी जळाला. आग पोलिसांनीच लावली, असं तिथल्या कोळिणी सांगत राहिल्या. ज्या पोरांचा आणि कोळिणींचा एरवी सुरमईच्या भावापुरता संबंध, ती पोरं त्यांच्या घरांत लपली होती. याची किंमत कोळिणींनी मोजली.

तेव्हापासून मरीनावर आंदोलन बंद. एका दिवसाच्या उपोषणाला मिळालेली परवानगीसुद्धा मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८मध्ये टिकू दिली नाही. ज्याला काही म्हणायचंय त्याने वळ्ळुवर कोट्टम किंवा चेपॉकजवळ ठरवून दिलेल्या जागी जावं. मुंबईकराला हे सांगायला नको, आपण आपला सगळा संताप आझाद मैदानाच्या एका कोपऱ्यात नेऊन ठेवायला कधीच शिकलो आहोत. चेन्नईत तर १८८८चा पोलीस कायदा आहे. त्याच्या ४१व्या कलमाखाली पंधरा दिवसांची बंदी घालता येते, आणि पंधरा दिवस संपले की पुढचे पंधरा दिवस. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा हुकूम इमाने-इतबारे चालू ठेवणाऱ्या शहराने तरुणांच्या सहभागाविषयी बोलताना आधी तो कागद फाडावा.

२९ डिसेंबर २०१९. मार्गळी महिना. या महिन्यात तमिळ घरांपुढे पहाटे मोठमोठे कोलम, म्हणजे तिथल्या रांगोळ्या, काढले जातात. बेसंट नगरमधल्या काही तरुण मुलींनी रस्त्याकडेला कोलम काढले आणि त्यात नागरिकत्व कायद्याला विरोध करणारी अक्षरं लिहिली. परवानगी नाही म्हणून पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं; सोडवायला आलेल्या वकिलांनाही. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या तेव्हाच्या विरोधी पक्षाच्या मोठ्या नेत्यांच्या दारात तसेच कोलम उमटले. हाच पक्ष दीड वर्षाने सत्तेवर आला. जमावबंदीचे पंधरा पंधरा दिवस त्यांच्या राज्यातही चालूच राहिले. विरोधात असताना दारात कोलम काढणं सोपं असतं. सत्तेत आल्यावर दुसऱ्याला तो काढू देणं, हीच खरी परीक्षा होती, आणि ती ते नापास झाले.

आता थोडं तरुणांनाही सुनावायला हवं. विशेषतः जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या काचेच्या इमारतींत काम करणाऱ्या तरुणांना. त्यांत पुण्या-नाशिकची आपली मुलंही आहेत. त्यांना किनारा हवा असतो, पण मासळीच्या वासाशिवाय. एप्रिल २०२३मध्ये मरीनाच्या लूप रोडवरचे मासळीचे ठेले पालिकेने उखडले. वाहतुकीला अडथळा होतो म्हणून उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली होती. पण तो रस्ता आला कुठून? नोचिकुप्पम या कोळीवस्तीतली माणसं जिथे पिढ्यान् पिढ्या जाळी सुकवत होती, होड्या ओढत होती, तिथूनच तो काढलाय. अतिक्रमण कोणी कोणावर केलं? चेन्नईतल्या अनेकांनी तेव्हा समाजमाध्यमांवर कोळिणींना नावं ठेवली आणि गाडी सुसाट जाईल म्हणून आनंद व्यक्त केला. कोळी बायकांनी रस्त्यावर मासळी टाकून ठिय्या दिला. ऑगस्ट २०२४मध्ये नवी मंडई उभी राहिली, ३६६ गाळ्यांची. ती उपकार म्हणून मिळालेली नाही.

याच किनाऱ्यावर दुसऱ्या प्रकारचे तरुणही आहेत, आणि माझी सगळी आशा त्यांच्यावर आहे. मच्छीमार वस्त्यांतल्या कार्यकर्त्यांनी हातात जीपीएस घेऊन जाळी कुठे सुकतात, होड्या कुठे लागतात, मासळी कुठे उतरते याचे नकाशे तयार केले. किनारा नियमनाच्या सरकारी नकाशांत या जागा रिकाम्या दिसतात, आणि रिकामी दिसलेली जागा बिल्डरला लगेच दिसते. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या खांबांमधलं अंतर ६० मीटरवरून १२० मीटरवर आणायला लावलं, तेही असंच होड्यांची मापं पुढे ठेवून. सार्वजनिक जागेचं भवितव्य घडवणं म्हणजे मला हे दिसतं. त्यात छायाचित्राला साजेसं काही नाही. मोजपट्टी आहे, अर्ज आहेत, सुनावण्या आहेत, आणि वर्षानुवर्षांचा कंटाळा पचवायची ताकद आहे.

अपंग हक्कांच्या कार्यकर्त्यांनीही ही ताकद दाखवली. व्हीलचेअरवरच्या माणसालाही लाटेपाशी जाता आलं पाहिजे, ही त्यांची मागणी. आधी वर्षातून मोजके दिवस तात्पुरती वाट टाकली जायची. सतत पाठपुरावा केल्यावर नोव्हेंबर २०२२मध्ये मरीनावर २६३ मीटरची कायमची लाकडी वाट झाली. दोन आठवड्यांतच मांडूस वादळाने तिचं टोक तोडलं. ते पुन्हा बांधलं गेलं. एकदा मिळालेला हक्क वादळाने मोडला तरी परत बांधून घेता येतो.

चेन्नईच्याच पाँडी बाजारचा पादचारी चौक नोव्हेंबर २०१९मध्ये झाला, जवळपास ४० कोटी रुपये खर्चून. चांगला आहे. संध्याकाळी म्हाताऱ्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तिथे फुकट बसतात. फेरीवाल्यांना मात्र २०१३मध्येच शेजारच्या संकुलात चढवलं होतं. चालायला रस्ता मिळाला तेव्हा रस्त्यावर जगणारी माणसं आधीच बाजूला झाली होती. चेन्नईने २०१४मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी स्वतंत्र धोरण केलं, वाहतुकीच्या खर्चातला ६० टक्के वाटा त्यांना द्यायचा असं कागदावर लिहून ठेवलं. दहा वर्षांनंतरही शहरातल्या बहुतेक फूटपाथवर दुचाकी उभ्या असतात. तो वाटा कुठे गेला, हे दर अर्थसंकल्पाला विचारणारे तरुण मला हवेत.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईचा अभ्यास करून २०११मध्ये ‘व्हाय लॉयटर’ लिहिलं. बाईला रस्त्यावर असायला नेहमी काही तरी कारण दाखवावं लागतं, हातात पिशवी, कानाला फोन, चालण्यात लगबग. कारणाशिवाय थांबण्याचा हक्क तिला हवा, हे त्यांचं म्हणणं. चेन्नईला ते जसंच्या तसं लागू आहे. तिथल्या बऱ्याच बागा वर्षानुवर्षं भर दुपारी बंद ठेवल्या जायच्या, पुण्यातही तेच. सावलीची खरी गरज असते तेव्हाच कुलूप. त्या वेळी रस्त्यावर कोण असतं? पार्सलं पोहोचवणारी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी. त्यांच्यासाठी २०२५मध्ये पालिकेने अण्णा नगर आणि टी. नगरमध्ये वातानुकूलित विश्रांतीगृहं उघडली, हे उत्तम झालं. पण झाडाखाली बसायला आणि एक घोट पाणी प्यायला शहरभर मुभा दिली असती, तर अशी मोजकी विश्रांतीगृहं कौतुकाचा विषय ठरली नसती.

चेन्नईचा तिसरा बृहत् आराखडा सध्या तयार होतोय, २०२७ ते २०४६ या वीस वर्षांसाठी. आज विशीत असलेली मुलं तो संपताना चाळिशीत असतील. त्यांनी हरकती-सूचनांचा अर्ज भरावा आणि त्यात स्पष्ट लिहावं: पालिकेच्या कुठल्याही मैदानाला ताशी दर लागणार नाही. बागा दुपारी उघड्या राहतील. नोचिकुप्पमपासून ऊरूर कुप्पमपर्यंत मच्छीमारांच्या वापरातली जमीन त्यांच्याच नावाने नकाशावर दिसेल. मरीनाच्या एका भागात शांततेने जमायला परवानगी लागणार नाही. आणि नियोजन प्राधिकरणाने सुनावणी एखाद्या हॉटेलच्या सभागृहात न घेता व्यासरपाडीच्या मैदानावर घ्यावी, रविवारी संध्याकाळी, खेळ संपल्यावर.