बोरीचं नातं निघालं केम्प्सीत!

ती. बाबांस व सौ. आईस,


आई, तुझा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतो: "कायले गेले बाप्पा चर्चात?" केक खायला गेलो. इंग्लंडमधल्या वूस्टरच्या दक्षिणेला, सेव्हर्न नदीकाठी केम्प्सी नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या छताच्या वर्गणीसाठी बायका घरचे केक विकत होत्या. तुझी सून म्हणाली, "तर्री-पोहे ठेवले असते तर छत सोन्याचं झालं असतं."

गाव जुनं, 1086 च्या डूम्सडे नोंदवहीतलं. इथे वूस्टरच्या बिशपचा वाडा होता. ऑगस्ट 1265 मध्ये सायमन द माँटफर्ट या सरदारानं आपल्या कैदेतल्या तिसऱ्या हेन्री राजालाच इथे मुक्कामाला आणलं. प्रार्थना उरकून मंडळी इव्हशमला गेली. तिथे 4 तारखेच्या लढाईत सरदार मारला गेला आणि राजा सुटला. देव एकच, पण त्यानं एकाचीच ऐकली!

चर्चमध्ये 1620 साली वारलेल्या सर एडमंड वाइल्ड यांचं थडगं आहे. पुढे त्या थडग्याच्या मागून, चर्चच्या आतच, चेस्टनटचं झाड उगवलं. कुण्या पोराच्या हातून हिसकावलेली बी तिथे फेकली होती म्हणे. आपल्या देवळाच्या शिखरात पिंपळ उगवतो तसंच. फक्त इथे कुणी धागे गुंडाळले नाहीत. ही कथा ऐकल्यावर निघताना तुमच्या नातवाचे खिसे तपासावे लागले.

बाबा, आता खास तुमच्यासाठी. सर रिचर्ड टेंपल यांचं घराणं याच गावचं. 1863 मध्ये हे गृहस्थ नागपुरातून मध्य प्रांताचा कारभार पाहत होते. त्यांच्याच सोबतीनं मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेले आणि 4 सप्टेंबरला परतीच्या वाटेवर पुराच्या नाल्यात बुडाले. टाकळघाट म्हणजे आपल्या बोरीच्या शेजारचंच! हिस्लॉपनी मागे ठेवलेली आदिवासींवरची टिपणं टेंपल यांनी 1866 मध्ये छापून आणली. तुम्ही ज्या कॉलेजातून बी.ए. झालात, ते याच हिस्लॉपांच्या नावाचं.

इंग्लंडमध्ये 1538 पासून हुकूमच होता: प्रत्येक पॅरिशनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफन वहीत लिहायचं. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्या केक कापता कापता चारशे वर्षांपूर्वीचा पूर्वज काढून दाखवतात. मी पणजोबांच्या पलीकडे गेलो की गप्प.

म्हणून एक काम सांगतो. जाड वही आणा. टाकळघाटच्या दगडांबद्दल गावातले म्हातारे काय सांगतात ते लिहा, आपल्या घराण्याची नावं लिहा. लग्नांचं खातं आईकडे द्या. कुणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, हेही तिला पाठ आहे. आणि टाकळघाटला जाल तेव्हा पाऊस असला तर नाला ओलांडू नका. हिस्लॉपसाहेबांचा अनुभव पुरेसा आहे.

आपला,
थोरला