सँटोरिनीच्या ज्वालामुखीस अनावृत पत्र

प्रति,
मा. ज्वालामुखीसाहेब,
मुक्काम समुद्राखाली, सँटोरिनी ऊर्फ थिरा, ग्रीस.

विषय : आपण करून ठेवलेल्या खड्ड्यामुळे भाड्याच्या गाडीचा दिवस वाया गेल्याबाबत.

संदर्भ : आपला इसवी सनापूर्वी सुमारे १६०० चा उद्रेक.

महोदय,

सविनय नमस्कार. अर्जदार डोंबिवलीचा, म्हणजे तसा आपल्या भावकीतलाच. आमचा सह्याद्री, अजिंठा-वेरूळची लेणी आणि सोसायटीच्या रस्त्यावर दर पावसाळ्याआधी पडणारी खडी हा सगळा लाव्हाच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमच्याकडच्या मंडळींनी शिस्तीत थरावर थर रचले, डोंगरांना पायऱ्या पाडल्या आणि गप्प झाले. डायनासोरांच्या बाबतीत त्यांच्यावर संशय आहे, पण ते प्रकरण अजून सिद्ध झालेलं नाही. क्रूझच्या प्रवाशांना त्यांनी त्रास दिल्याचं तर ऐकिवातही नाही.

आपलं तसं नाही. आपण बेटाचा मधला भागच उडवून दिलात. त्या जागी समुद्र शिरला आणि सुमारे अकरा किलोमीटर लांब, सात किलोमीटर रुंद असा पाण्याचा हौद झाला. कडेला तीनशे मीटरपर्यंतचे उभे कडे उरले. भूशास्त्रज्ञ म्हणतात, हे एका उद्रेकाचं काम नव्हे, त्याआधीही बेट असंच अनेकदा खचलं होतं. म्हणजे खोड जुनी आहे.

आता तक्रार क्रमवार मांडतो.

जहाज सकाळी साडेसातला आपल्या हौदात आलं. दादा (माझे थोरले बंधू, निवृत्त, मनगटावर घड्याळ आणि खिशात दुसरं घड्याळ) कठड्याला टेकून म्हणाले, "नऊ वाजता गाडीत. चार वाजेपर्यंत सात तास. बेट केवढं? शहात्तर चौरस किलोमीटर. दोनदा बघून होईल." जहाजाची सहल घ्यायची नाही, गाडी भाड्यानं घ्यायची, हेही त्यांनीच ठरवलं होतं. बसमधून मेंढरांसारखं फिरायला आपण काय पैसे मोजून आलोय?

परंतु आपल्या हौदाचा तळ इतका खोल, की नांगर टाकायची पंचाईत. जहाज पाण्यातच उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून किनाऱ्याला नेतात. या बोटींना टेंडर म्हणतात. आमच्याकडे टेंडर भरावं लागतं, इथे टेंडर आम्हाला भरतं. आधी गेली जहाजाची सहल घेतलेली मेंढरं. त्यांची बोट अथिनिओसच्या बंदराला लागली, तिथे बस उभी होती आणि ती वळणावळणानं त्यांना कड्यावर घेऊन गेली. आम्ही स्वतंत्र माणसं. आम्हाला हातात क्रमांक मिळाला, चोवीस. चोविसाचा पुकारा होऊन फिरा गावाखालच्या जुन्या धक्क्यावर पाय टेकला, तेव्हा पावणेदहा झाले होते.

आणि गाव कुठे? डोक्यावर. मान पूर्ण मागे टाकल्यावर कड्याच्या काठाला पांढऱ्या घरांची एक ओळ दिसते, जशी कुणी मिठाची पुडी सांडावी. गाडी तिकडे, आम्ही इकडे. मध्ये आपली कारागिरी.

वर जायला तीन मार्ग. पहिला पायऱ्यांचा. कुणी ५८७ म्हणतं, कुणी ५८८. मोजायला थांबावं, तर मागून खेचरं येतात. दुसरा मार्ग त्या खेचरांचा. शंभर किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा, याहून जास्त ओझं लादू नये, असा नियम ग्रीक सरकारनं २०१८ मध्ये केला. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वहिनींनी दादांकडे नखशिखांत पाहिलं. दादा काही न बोलता तिसऱ्या मार्गाच्या, म्हणजे रोपवेच्या रांगेत जाऊन उभे राहिले. एका खेपेला सहा डबे, डब्यात सहा माणसं, प्रवास तीनेक मिनिटांचा. रांग पन्नास मिनिटांची. डोंबिवलीच्या माणसाला रांगेचं आणि डब्याचं दुःख सांगू नये, पण आमच्या डब्यात निदान लटकायची सोय असते.

गाडीच्या दुकानात शिरलो तेव्हा पावणेअकरा. दुकानदारानं आधी दाखवली ती हँडलवाली, चार जाड चाकांची, ट्रॅक्टरचं पिल्लू वाटावी अशी दुचाकीची थोरली बहीण. बेटावर ती जिकडेतिकडे फटफटत असते. दादांचे डोळे चमकले. पण ग्रीक लोक तिला 'गुरूना' म्हणतात आणि गुरूना म्हणजे डुकरीण, हे दुकानदारानं हसत सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "आमच्या घरात डुकरावर कुणी बसलेलं नाही, आणि मी सुरुवात करणार नाही." विषय संपला. चौघांना एक पांढरी छोटी मोटार ठरली.

मग कागद. आमचा नेहमीचा परवाना तिथे एकटा चालत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो मी आरटीओत फॉर्म ४-अ भरून, हजार रुपये शुल्क देऊन काढून आणला होता. मुदत एक वर्ष, वापर एक दिवस. पाठोपाठ कार्डावर अनामत अडकली. विम्याच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की टायर, काचा आणि गाडीचं पोट विम्यात धरलेलं नाही. म्हणजे आपल्या खडकाशी ज्यांचा संबंध येतो, ते सोडून बाकी सगळं सुरक्षित. त्यानंतर गाडीवरचे जुने ओरखडे मोजणं. दुकानदार बोट दाखवी आणि ही (माझी पत्नी) फोटो काढी. एकोणतीस फोटो झाले. बेटाचे त्या दिवशी एवढे निघाले नाहीत.

अकरा चाळीसला गाडी हलली. परतीची रोपवेची रांग धरून गाडी तीनला परत करायची, असं दादांनी जाहीर केलं. सात तासांचे तीन तास वीस मिनिटं झाले होते, आणि अजून दुकानाच्या दारात होतो.

साहेब, तिकडे उजवीकडून चालवतात. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला. चाळीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नसते. गिअर टाकायला डावा हात गेला, तो दरवाजावर आपटला. दोनदा काच खाली आली. वळताना सिग्नल द्यायला उजवी दांडी ओढली, तर वायपर सुरू. भर उन्हात, निरभ्र आकाशाखाली, कोरड्या काचेवर खर्रखर्र करत आम्ही फिराच्या चौकातून वळलो. समोरच्या टॅक्सीवाल्यानं वर आकाशाकडे पाहिलं. मागच्या सीटवरून दोघींचा अखंड जप चालू होता, "उजवी धर, उजवी धर."

दादांच्या यादीत पहिलं ठिकाण उत्तरेच्या टोकाचं इया आणि दुसरं दक्षिणेच्या टोकाचं अक्रोतिरी. मध्ये शक्य तितकं बेट. इया फिरापासून फक्त अकरा किलोमीटर. रस्ता कड्याच्या अंगानं जातो आणि त्यावर आमच्यासारखेच स्वतंत्र झालेले सगळे असतात. एका वळणावर समोरून बस आली, तेव्हा मी पोट आत घेतलं. गाडीचं नव्हे, माझंच, पण तेवढ्यानंही बरं वाटलं. इयाला पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधण्यात पंचवीस मिनिटं गेली. निळा घुमट पाहण्यात नऊ. "चला," दादा म्हणाले. इयाचा सूर्यास्त जगात नावाजलेला आहे म्हणतात. आम्ही तिथला दुपारचा एक पाहिला.

उलट दिशेनं दक्षिणेला निघालो. वाटेत शेतांत जमिनीला टेकून ठेवलेल्या टोपल्या दिसल्या. "इथे डाले कोण टाकून गेलं?" वहिनींनी विचारलं. त्या द्राक्षाच्या वेली निघाल्या. वाऱ्याचा मारा लागू नये म्हणून त्या टोपलीसारख्या गोल वळवतात आणि द्राक्षं आत, आडोशाला धरतात. आपल्या राखेत आणि प्युमिसमध्ये ही द्राक्षं पिकतात आणि त्यांची वाइन दूरवर जाते, एवढं श्रेय अर्जदार आपल्याला देतो. चव मात्र सांगू शकत नाही. गाडी मीच चालवत होतो. शिवाय "चला" झालं होतं. पेरिसाच्या किनाऱ्याची काळी वाळू फक्त रस्त्यावरच्या पाटीवर वाचली.

इथे एक कबुली देणं भाग आहे. बेटावर कायमचे राहणारे लोक पंधरा हजारांच्या आसपास. २०२३ मध्ये क्रूझचे प्रवासी आले सुमारे तेरा लाख. शेवटी २०२५ पासून दिवसाला आठ हजार प्रवाशांची मर्यादा घातली गेली, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून ऐन हंगामात माणशी वीस युरो कर लागू झाला. हे वाचून मी म्हणालो, "बरोबर आहे, गर्दी फार करतात लोक." ही म्हणाली, "हो ना, आणि त्यातल्या चौघांनी तर वर गाडीही घेतलीय."

पावणेदोनला अक्रोतिरीत पोचलो. हे आपलंच प्रकरण आहे, त्यामुळे सांगायची गरज नाही, तरी नोंदीसाठी सांगतो. आपण राखेखाली पुरलेलं गाव स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून खणायला घेतलं. आता त्यावर मोठं छप्पर आहे. बाहेरचं ऊन एकदम विझतं आणि लाकडी फळ्यांवरून चालत माणूस एका गल्लीवर येतो. दोन-तीन मजली घरं, खिडक्यांच्या चौकटी, फरसबंद रस्त्याखालून गेलेली गटारं. कंबरेइतके रांजण ओळीनं उभे, जणू आता कुणीतरी झाकण काढून मापटं आत घालील. लाकडी पलंग केव्हाच कुजून गेले, पण त्यांच्या आकाराची पोकळी राखेत राहिली. त्या पोकळीत प्लास्टर ओतून पुन्हा पलंग उभे केलेत. डोंबिवलीतल्या कुठल्याही वनरूमकिचनमध्ये मावतील एवढेच.

शेजारच्या गटाला मार्गदर्शक सांगत होती, तेवढंच आम्ही फुकट ऐकलं. या गावात माणसाचा एकही सांगाडा सापडलेला नाही. दागदागिनेही जवळपास नाहीत. आपला मोठा स्फोट होण्याआधी भूकंप झाले, घरं पडली, लोकांनी राडारोडा उपसायला घेतला, सामान आवरायला घेतलं. मग कधीतरी सगळं होतं तसं टाकून निघून गेले. रांजण भरलेले होते. पलंग बाहेर काढून ठेवले होते. कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. पण राख पडली तेव्हा घरी कुणी नव्हतं.

आम्ही चौघं कठड्याला धरून उभे. सकाळपासून पहिल्यांदा कुणी फोन वर केला नव्हता. वहिनी एका मोरीकडे बघत होत्या. मी त्या रांजणांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता इथून हलणार नाही, गाडीचा उशिराचा दंड भरू, जहाज गेलं तर गेलं.

तेवढ्यात दादांच्या खिशातलं घड्याळ वाजलं. "दोन दहा. चला."

मी चिडून मागे वळलो. माझ्या आधी ही बोलली, रांजणांवरची नजर न काढता. "यांच्यातही एखादे दादा असणार. दिवसभर चला-चला करून सगळ्यांना वैताग आणला असेल. म्हणून तर कुणी सापडलं नाही."

दादा काही बोलले नाहीत. फक्त घड्याळ खिशात टाकलं आणि आणखी पाच मिनिटं थांबले. दिवसभरात त्यांनी कुणाला दिलेली ही एकमेव सूट.

त्यानंतर नोंदण्यासारखं थोडंच आहे. पेट्रोल भरलं, तीनला सात कमी असताना गाडी दिली, एकोणतीस फोटो दाखवून एकोणतीस ओरखडे जुनेच असल्याचं सिद्ध केलं. रोपवेची उतरणीची रांग एक तास पाच मिनिटं. साडेचारच्या शेवटच्या टेंडरमध्ये चार वाजून पंचवीस मिनिटांनी शिरलो. सहलीची मेंढरं आमच्या कितीतरी आधी जहाजावर परतून, अंघोळी करून, सरबत पीत कठड्याला उभी होती. त्यांच्यातल्या एकानं हात केला. मीही केला.

जहाज निघालं तेव्हा हौदाच्या मध्यातलं नेआ कामेनी हे आपलं काळं डोकं जवळून गेलं. १९५० नंतर आपण तिथून उसळला नाहीत. पण २०२५ च्या सुरुवातीला बेटाजवळच्या समुद्रात हजारो धक्के बसले आणि दहा हजारांहून जास्त लोक काही आठवड्यांसाठी बेट सोडून गेले, हे मला ठाऊक आहे. त्यांनाही कुणीतरी "चला" म्हटलंच असेल. आणि तेही "आत्ता? कशाला?" म्हणाले असतील.

सबब, अर्जदार कडा, हौद, रांगा आणि बुडालेले तास यांबाबतची तक्रार कायम ठेवून, सकाळपासून मनातल्या मनात सोबत जोडलेली दुसरी तक्रार मागे घेत आहे. ती आपल्याविरुद्ध नव्हती, दादांविरुद्ध होती.

कळावे, कृपा असावी, उद्रेक नसावा.

आपला भावकीतला,
एक स्वतंत्र प्रवासी

ता. क. : घरी आल्यावर पंधरा दिवसांनी कार्डावरून पैसे कापल्याचा संदेश आला. तिसावा ओरखडा, गाडीच्या पोटाला. तो आपल्या खडकाचाच आहे. तसं पत्र मिळाल्यास आभारी राहीन.