आठ दिवसांच्या बोलीवर

(आमच्या आणि शेजारच्या घरात एकच भिंत आहे आणि ती बिल्डरने बांधलेली आहे. त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं, यात माझा काही दोष नाही. श्री. म्हणजे निवृत्त ऑडिटर. सौ. म्हणजे सौ. पिल्लू म्हणजे पार्किंगमधल्या कुत्रीच्या पाचांपैकी एक, सव्वादोन महिन्यांचं, पांढरंशुभ्र; आठ दिवसांच्या बोलीवर वर आणलेलं. ऑक्टोबरातला रविवार, पुणे. सुरुवात स्टीलचं ताट फरशीवर आदळण्याने.)

सौ. : अहो! काय पडलं?

श्री. : पडलं नाही, पाडलं. चाचणी क्रमांक ३. पिल्लाने मान वळवली. सबब, ऐकू येतं.

सौ. : पाडलंत कुठे?

श्री. : त्याच्या मागे. हातभर अंतरावर.

सौ. : मग फरशी हादरली की! मलासुद्धा पायाला कळलं. डॉक्टर काय म्हणाले होते? हादरा नको, वारा नको, सावली नको. रद्द करा ती.

श्री. : बरं, रद्द. पहिली आहेच.

सौ. : पहिलीत टाळी वाजवलीत ती त्याच्या मानेवर वारा घालून.

श्री. : आणि दुसरी?

सौ. : दुसरीत हातात बिस्कीट धरून हाक मारलीत. बिस्किटाला तो चौथ्या मजल्यावरूनही आला असता.

(वहीत रेघ मारल्याचा आवाज येत नाही, पण ती मारली गेली असणार.)

श्री. : खाली तर चांगला धावायचा.

सौ. : खाली चार भावंडं होती. ती उठली की हा उठायचा. वॉचमनच्या बायकोच्या लक्षात आलं म्हणून बरं. बाकीची झोपलेली असताना हॉर्न वाजला की चौघं पळायची आणि हा आपला टायरला पाठ लावून गाढ.

श्री. : मला हे पटत नाही. मी टॉर्च मारून बघितलं. कान आतून गुलाबी, स्वच्छ.

सौ. : दोष तिथे नसतोच. तो रंगाचा आहे.

श्री. : कानाला रंग कशाला?

सौ. : डॉक्टर सांगत होते तेव्हा तुम्ही पावतीवरची बेरीज तपासत होतात. अंगावर काळा-तांबडा रंग आणणाऱ्या ज्या पेशी असतात ना, त्याच कानाच्या पार आत, त्या शंखासारख्या भागातही लागतात. त्या तिथे पोचल्या नाहीत, तर तिथला रक्त पुरवणारा पट्टा सुकतो आणि ऐकण्याच्या पेशी मरतात. पिल्लाचे कान उघडतात दोनेक आठवड्यांनी, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आतलं दुकान बंद.

श्री. : म्हणजे मधला आठवडाभर ऐकू आलं असेल त्याला?

सौ. : असेल थोडंफार.

श्री. : (बऱ्याच वेळाने) काय ऐकलं असेल गं?

सौ. : ऑगस्टमध्ये? नदीकाठचा ढोल-ताशाचा सराव.

श्री. : मग दुकान बंद केलं यात नवल नाही. पण म्हणजे सगळे पांढरे कुत्रे बहिरे?

सौ. : छे हो. अमेरिकेत डाल्मेशियन मोजलेत. शंभरात आठेक दोन्ही कानांनी बहिरे, बावीसेक एका कानाने.

श्री. : ८ आणि २२, ३०. बरोबर आहे.

सौ. : बेरीज बरोबर असणारच, अहो!

श्री. : बघून घेतलेलं बरं. आणि याचा एखादा कान चालत असला तर?

सौ. : तर हाक ऐकेल आणि भलतीकडेच बघेल. आवाज कुठून आला ते एका कानावर नीट कळत नाही. म्हणून तर बेरा टेस्ट करायची.

श्री. : बहिरा टेस्ट? निकाल आधीच नावात?

सौ. : बहिरा नाही, बेरा! ताईच्या नातवाची नव्हती का केली, जन्मल्यावर? डोक्याला तारा लावतात, कानात टिकटिक सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतं का ते बघतात. कुत्र्यांचीही होते. आपल्या जवळपास कुठे होते ते डॉक्टर विचारून सांगणार आहेत.

श्री. : तोवर प्रकरण प्रलंबित. पण समज, निघाला बहिरा. चोर आला तर?

सौ. : चोराला कुठे माहीत आहे?

श्री. : भुंकतात?

सौ. : भुंकतात की. थांबायचं मात्र आपण सांगायचं, तेही हाताने. सगळंच हाताने. तळहात खाली, बस. अंगठा वर, शाब्बास. रात्री गॅलरीतून आत बोलवायचं तर दिवा दोनदा चालू-बंद. पट्ट्याशिवाय रस्त्यावर न्यायचं नाही म्हणजे नाही. आणि झोपेतून उठवताना एकदम हात लावायचा नाही, आधी शेजारची गादी दाबायची. दचकला तर चावेल.

श्री. : किती वर्षं हे?

सौ. : बारा धरा.

श्री. : मी ६९. त्यात १२ मिळव.

सौ. : तुम्हीच मिळवा. मी काही म्हटलं नाही.

श्री. : ८१. (थांबून) तेव्हा हाका मारायला तरी कुठे दम असणार आहे.

(इथे दोघंही गप्प. मी चहाचा कप खाली ठेवला नाही. उगीच आवाज नको.)

सौ. : आणि दिवाळी तोंडावर आली. सी विंगमधला लॅब्राडॉर गेल्या लक्ष्मीपूजनाला तीन तास कमोडमागे बसला होता. हा सुतळी बॉम्बला कूससुद्धा बदलणार नाही.

श्री. : ही जमेची बाजू. लिहून घेतो. पण एक शेवटची चाचणी. आवाज दुसऱ्या खोलीतून, हादरा नाही, वारा नाही. डाळ-भाताचा कुकर लावलायस ना?

सौ. : लावलाय. तीन शिट्ट्या करते मी.

श्री. : मी गॅसपाशी थांबतो, तू हॉलमध्ये बघ. झोपलाय?

सौ. : तुमच्या चपलेवर.

श्री. : कुठल्या? नव्या?

सौ. : डाव्या.

(पहिली शिट्टी. आमच्याकडचं मांजर उठून गेलं.)

श्री. : हलला?

सौ. : नाही.

(दुसरी शिट्टी.)

श्री. : कान? कान तरी?

सौ. : कान नाही. पाय हलताहेत. स्वप्नात पळतोय वाटतं. या, बघा.

(पावलं बाहेर आली. बराच वेळ काही नाही. पावलं परत आत गेली, अनवाणी आणि चोरासारखी. मी मनात शिट्ट्या मोजतोय. तिसरी येईना.)

सौ. : अहो, गॅस का बंद केलात? तिसरी व्हायचीय.

श्री. : (इतक्या हळू, की मला भिंतीला कान लावावा लागला) झोपलाय ना तो.

सौ. : डाळ कच्ची राहील.

श्री. : राहू दे.